साधी केमन

वापरलेल्या स्पोर्ट्स कार तपासणं हे माझं काम. श्टुटगार्टच्या उत्तर भागात, फॉयरबाखमध्ये आमचं दोन लिफ्टचं छोटं गॅरेज आहे. कोणी जुनी गाडी घ्यायला किंवा विकायला निघालं की ती आधी आमच्या लिफ्टवर चढते आणि मी तिचा अहवाल लिहिते. पोर्शेचं गाव त्सुफेनहाउजन शेजारीच आहे, त्यामुळे येणाऱ्या गाड्यांत बहुतेक पोर्शेच. या कामाला मला बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ग्राहकांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य एकच : "गाडी छान आहे हो, पण शेवटी बेसच ना."

हे वाक्य मला नवं नव्हतं. मी चिंचवडची. आमच्या सोसायटीत कोणाकडे नवी गाडी आली की पेढा हातात घेता घेता पहिला प्रश्न यायचा, "टॉप मॉडेल का?" उत्तर "नाही, बेस" असं आलं की विचारणारा "असू दे, असू दे" म्हणायचा. बाबांनी घेतलेली मारुती ८०० साधी होती, एसी नसलेली. त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. वाटायचं ते मला, शाळेच्या फाटकाशी उतरताना. म्हणजे बेस मॉडेलकडे बघण्याची ती नजर मी घरूनच घेऊन इथे आले होते, आणि सुरुवातीची काही वर्षं माझ्या कामातही ती होती.

२०१६ च्या वसंतात एक शिक्षक आपली चंदेरी पोर्शे केमन विकायला घेऊन आले. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. गाडी २०१३ ची, सगळ्यात साधी केमन : सीटच्या मागे बसवलेलं २.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, २७५ अश्वशक्ती, सहा गिअर, तेही हातानं टाकायचे. चाकं १८ इंची. ऑप्शनच्या यादीतलं फारसं काही त्यांनी घेतलेलं नव्हतं.

विकण्याचं कारण त्यांनी स्वतःहून सांगितलं. आदल्या वर्षी केमन जीटी ४ आली होती. पोर्शेनं आपल्याच ९११ मालिकेतल्या कॅरेरा एसचं ३.८ लिटरचं इंजिन थोडे बदल करून पहिल्यांदाच केमनमध्ये बसवलं होतं. ३८५ अश्वशक्ती, पुढचं सस्पेन्शन जवळपास ९११ जीटी ३ चं, गाडी ३० मिलीमीटर खाली, मागे पक्की बसवलेली मोठी विंग. नव्या साध्या केमनची किंमत त्या काळी ५१ हजार युरोंच्या आसपास होती, जीटी ४ ची ८५ हजारांच्या पुढे. "ती आल्यापासून पार्किंगमध्ये माझ्या गाडीकडे बघितलं की काहीतरी अर्धवट घेतल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. तीन वर्षं ज्या गाडीत ते आनंदानं फिरले, तिचा एक स्क्रूसुद्धा बदललेला नव्हता.

मी गाडी तपासायला घेतली. आमच्या कामात गाडीशी दोन वेगवेगळ्या भाषांत बोलावं लागतं. एक भाषा लोखंडाची आणि रबराची. ब्रेक डिस्कच्या कडेला झिजून उरलेली धार, क्लच पेडलच्या रबरावरच्या रेषा किती पुसल्यात, गिअरच्या गोळ्याचं चामडं कुठे चकाकतंय, पुढच्या बंपरवर खड्यांचे किती टवके, रंगाची जाडी किती मायक्रॉन. दुसरी भाषा गाडीच्या कॉम्प्युटरची. पोर्शेचं इंजिन मर्यादेच्या जवळ आणि मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं, याची नोंद तो सहा पट्ट्यांत ठेवतो. खालच्या पट्ट्यांतल्या नोंदींचा अर्थ एवढाच, की चालकानं इंजिन लाल रेषेपर्यंत नेलं. वरच्या पट्ट्यांत नोंद असेल तर गिअर चुकला : चौथा टाकायच्या जागी दुसरा पडला आणि चाकांनीच इंजिनला नको तेवढं फिरवलं. शिवाय इंजिन एकूण किती तास चाललं, तेही तिथे दिसतं. किलोमीटरला तासांनी भागलं की गाडी कुठल्या रस्त्यांवर जगली याचा अंदाज येतो.

शिक्षकांच्या गाडीचे ५८,४०० किलोमीटर आणि १,०६० तास. भागाकार ताशी ५५. नुसत्या शहरात फिरलेल्या गाडीचा आकडा यापेक्षा पुष्कळ कमी येतो, नुसत्या ऑटोबानवर धावलेलीचा पुष्कळ जास्त. ५५ म्हणजे गावागावांतून जाणारे, वळणावळणांचे रस्ते. खालच्या दोन पट्ट्यांत भरपूर नोंदी, वरच्या तीन पट्ट्या कोऱ्या. माणूस इंजिनाला शेवटच्या दमापर्यंत गायला लावत होता आणि तीन वर्षांत एकदाही त्याचा गिअर चुकला नव्हता. चारही टायर सारखे झिजलेले, आणि सर्व्हिस बुकावरून कळलं की हा टायरचा दुसरा जोड होता.

इतकी नीट, इतकी पुरेपूर वापरलेली गाडी मी तोवर क्वचितच पाहिली होती. अहवालात हे सगळं लिहिलं. पण ते समोर बसले होते तेव्हा मी काय म्हणाले, ते आजही मला बोचतं. मी म्हणाले, "जीटी ४ घेताय ना, उत्तम निर्णय आहे." चिंचवडच्या शाळेच्या फाटकाशी उतरणारी ती मुलगी माझ्या तोंडून बोलत होती. माझ्या हातातला कागद काही वेगळंच सांगत होता, आणि तो वाचता येणारी त्या खोलीत मी एकटीच होते.

दोन वर्षांनी बाबा इकडे आले. त्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टर्नर म्हणून काढली. त्यांना राजवाड्यांपेक्षा यंत्रं बघायची होती, म्हणून मी त्यांना त्सुफेनहाउजनच्या पोर्शे म्युझियममध्ये नेलं. तिथे फिरताना मी त्यांना ९११ ची गोष्ट सांगत गेले. १९६३ च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ या नावानं आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोनं हक्क सांगितला, म्हणून ती ९११ झाली. दोन लिटर, सहा सिलिंडर, १३० अश्वशक्ती. ती महाग होती म्हणून कंपनीनं तिच्याच अंगात जुन्या ३५६ चं चार सिलिंडरचं, ९० अश्वशक्तीचं इंजिन घालून ९१२ काढली. १९६६ मध्ये ९११ एस आली, १६० अश्वशक्तीची. म्हणजे "बेस आणि वरची" हा प्रश्न या गाडीच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे.

"मग ती नव्वदवाली पडून राहिली असेल," बाबा म्हणाले.

"नाही बाबा. सुरुवातीच्या वर्षांत ९११ पेक्षा ९१२ च जास्त खपली. १९६९ पर्यंत तीस हजारांच्या आसपास बनल्या. पोर्शेची एक लाखावी गाडी कुठली होती माहितीये? ९१२ टार्गा. १९६६ च्या डिसेंबरात ती इथल्याच, बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या पोलिसांना दिली."

पोलिसांच्या गाडीचं ऐकून बाबा हसले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "अगं, लेथच्या प्लेटवर कमाल आरपीएम लिहिलेले असतात. नवीन पोरं आली की आधी तेच वाचतात. पण स्पीड जॉबवर ठरतो. जॉबचा व्यास केवढा, धातू कुठला, टूल कुठलं, यावर. मोठा जॉब मोठ्या स्पीडला लावलास तर टूल जळतं. आणि छोट्या जॉबसाठी भलं मोठं मशीन अडकवून ठेवलंस, तर मशीन फुकट जातं. तुझ्या गाडीचा जॉब कुठला, ते आधी विचार."

त्या रविवारी मी त्यांना आमच्या चाचणीच्या रस्त्यानं फिरवून आणलं. तो झोलिट्यूडच्या जंगलातून ग्लेम्सएककडे उतरतो. १९६५ पर्यंत याच रस्त्यांवर शर्यती व्हायच्या, ११.४ किलोमीटरचा फेरा होता. आता तिथे शाळेच्या बस आणि सायकलवाले जातात, आणि वेगमर्यादेच्या पाट्या आहेत. १९६२ मध्ये डॅन गर्नीनं पोर्शेच्या ८०४ या फॉर्म्युला वन गाडीत इथली शर्यत जिंकली, तीही पोर्शेच्या घरच्या लोकांसमोर. त्या गाडीचं इंजिन दीड लिटरचं, आठ सिलिंडरचं, १८० अश्वशक्तीच्या आसपासचं. वजन पाचशे किलोपेक्षा कमी, त्यामुळे तिची आजच्या गाडीशी सरळ तुलना होत नाही. तरी शिक्षकांच्या "अर्धवट" केमनमध्ये त्या विजेत्या गाडीपेक्षा जवळपास शंभर अश्वशक्ती जास्त होत्या, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचली. बाबांनी विचारलेला जॉब समोरच होता : हा रस्ता.

जर्मनीत गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर मर्यादा ताशी १०० ची. जीटी ४ चे गिअर इतके लांब आहेत की दुसऱ्याच गिअरमध्ये ती १३० च्या पुढे जाते. म्हणजे कायदा पाळणाऱ्या माणसाला ऑटोबान सोडून जवळपास कुठेही, त्या ३.८ लिटरच्या इंजिनाला दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा पूर्ण मोकळं सोडता येत नाही. ज्या आवाजासाठी आणि ज्या शेवटच्या हजार फेऱ्यांसाठी तीस-पस्तीस हजार युरो जास्त मोजले, ती जागा रस्त्यावर जवळपास येतच नाही. टायरचंही तसंच. साध्या केमनचे मागचे टायर २६५ मिलीमीटर रुंद, जीटी ४ चे २९५. रुंद टायर जास्त घट्ट धरतो, पण मग तो कधी सुटेल हे कळायला वेगही जास्त लागतो. अरुंद टायर ताशी साठ-सत्तरलाच हाताशी बोलायला लागतो. ओल्या पानांवरून गाडीचं शेपूट बोटभर सरकलं, तर ते कमरेला कळतं.

एवढं वाचून कोणी म्हणेल, ही बाई वरच्या मॉडेलच्या विरोधात आहे. तसं नाही. आमच्याकडे एक दंतवैद्य बाई येतात, त्यांचीही जीटी ४ च. दर उन्हाळ्यात ती न्युर्बुर्गरिंग आणि होकेनहाइमच्या ट्रॅकवर जाते. एका मोसमात टायरचे दोन जोड संपतात, ब्रेक पॅडचा एक. तिची डिस्क मी मोजते तेव्हा धार बोटाला लागते. बंपरचा रंग खड्यांनी पिंजून निघालाय आणि बाईंना त्याची मुळीच खंत नाही. साधी केमन तिथे दोन-तीन फेऱ्यांत ब्रेक तापवून दमली असती. जीटी ४ ज्या कामासाठी जन्मली, ते काम तिला तिथे मिळालंय. अशी गाडी लिफ्टवर आली की मला मनापासून आनंद होतो. वरचं मॉडेल बनवणाऱ्या इंजिनिअरांनी केलेलं सगळं तिथे वसूल होतं.

पण अशा गाड्या मोजक्या. बाकीच्या कशा असतात, ते मला २०२१ मध्ये फार जवळून दिसलं. तेच शिक्षक आपली पांढरी जीटी ४ घेऊन आले. पाच वर्षांत ११,२०० किलोमीटर. भागाकार ताशी ४७, म्हणजे बरंच फिरणं शहरातल्या शहरात. सहाही पट्ट्या जवळपास कोऱ्या. गाडी लख्ख, टवका नाही. मी टायरजवळ टॉर्च नेली. टायरच्या अंगावर लंबगोलात चार आकडे असतात, तो टायरचा जन्मदाखला. तिथे ०८१६ होतं. म्हणजे २०१६ सालचा आठवा आठवडा. चारही टायर कारखान्यातून आलेले, पहिलेच. खाचा जवळपास नव्यासारख्या खोल, आणि रबर मात्र नखाला दाद देत नव्हतं, इतकं कडक झालेलं. त्या टायरना झीज ठाऊकच नव्हती, ते नुसते म्हातारे झाले होते. अहवालात मला लिहावं लागलं : टायर न वापरता बाद, चारही बदलावेत.

ते माझ्या शेजारी उभं राहून ते आकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "चावी हातात घेतली की आधी तिची किंमत आठवते. पावसात नको, मीठ टाकलेल्या रस्त्यावर नको, शाळेत लावायला नको. चंदेरी गाडी मी पोळीभाजीसारखी रोज वापरली. ही सणाचं ताट झाली." शब्द त्यांचे जर्मन होते, ताटाचं मराठी माझं आहे, पण म्हणायचं होतं ते हेच. पैशाच्या हिशेबात त्यांचं नुकसान झालं नव्हतं. जीटी ४ चे भाव टिकून होते, आणि कदाचित म्हणूनच ती आणखी कमी बाहेर निघाली. जपून ठेवण्याजोगी झाली की गाडी जपूनच ठेवली जाते.

मला २०१६ चं माझं वाक्य आठवलं. मी ते त्यांना सांगितलं आणि माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही नसता म्हणालात तरी मी घेतलीच असती. पण तो अहवाल मी पुन्हा काढून वाचला. त्यात सगळं लिहिलेलं होतं."

या दोन अहवालांनंतर मी ठाम मताची झाले, की वरचं मॉडेल आल्यानं खालच्याचं काही कमी होत नाही. पण हे मत अर्धंच खरं आहे, हे त्याच काळात कळत गेलं. बेस मॉडेल खरोखर कमी होऊ शकतं. ते होतं तेव्हा त्याला कारण वरच्या मॉडेलची ताकद नसते. खालच्या गाडीतली जी गोष्ट तिचा जीव होती, ती काढून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली जाते, तेव्हा ते होतं.

याचं उदाहरण केमनच्याच घरात आहे. २०१६ मध्ये तिची पुढची पिढी आली, ७१८. साध्या केमनमधलं २.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन गेलं आणि दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो आलं. उत्सर्जनाचे आणि इंधनाचे नियम कडक होत होते, त्यांच्या दृष्टीनं तो निर्णय समजण्यासारखा होता. कागदावर तर गाडी सरस ठरली : २७५ च्या जागी ३०० अश्वशक्ती, २९० न्यूटन मीटरच्या जागी ३८० टॉर्क. मी कितीतरी साध्या ७१८ तपासल्या आहेत. चालवायला त्या अतिशय चांगल्या, वळणांत तर आधीच्या पिढीहून नेमक्या. तरी चाचणीहून परतलेला ग्राहक दार उघडायच्या आधी आवाजाबद्दल बोलायचा. सहा सिलिंडरची ती चढत जाणारी तान त्याला हवी होती, आणि ती तिथे नव्हती. मग २०२० मध्ये जीटीएस ४.० आली. चार लिटर, सहा सिलिंडर, टर्बोविना, ४०० अश्वशक्ती. तान परत आली, पण वरच्या किमतीला. त्यानंतर साध्या ७१८ बद्दल "शेवटी बेसच ना" हे वाक्य माझ्या कानांवर आलं तेव्हा मला ते खोडून काढता आलं नाही. २०१३ ची साधी केमन आणि त्यावेळची सगळ्यात वरची केमन एकाच गळ्यानं गात होत्या, एकीचा आवाज थोडा मोठा इतकंच. नव्या पिढीत मात्र गळाच वेगळा झाला.

९११ मध्येही हे झालं, गिअरच्या बाबतीत. २०१९ मध्ये आलेल्या ९९२ पिढीची साधी कॅरेरा फक्त पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर मिळाली. हातानं गिअर टाकायचे असतील तर कॅरेरा एसपर्यंत चढावं लागलं. २०२२ च्या शेवटी कॅरेरा टी आली तेव्हा साध्या कॅरेराच्याच ३८५ अश्वशक्तीच्या इंजिनाला पुन्हा हाताचा गिअर मिळाला, पण तीही साधीपेक्षा महाग. पीडीके उत्तम गिअरबॉक्स आहे, वेगवान आहे, माझ्या अनुभवात भरवशाचाही आहे. तरी क्लच पेडल ही एके काळी कुठल्याही ९११ मध्ये असणारी गोष्ट होती. ती आता ज्यादा पैशांनी मिळते, हे मला खटकतं. २०२४ मध्ये सुधारित साधी कॅरेरा जर्मनीत १,२८,७०० युरोंना आली, म्हणजे रुपयांत कोटीच्या वर. एवढे पैसे मोजणाऱ्याला आपण "साधी" घेतली असं वाटावं, ही त्या शब्दाचीच शोकांतिका आहे.

आणि गंमत अशी, की अगदी वरच्या पायरीवर पोहोचलेले लोक पुन्हा साधेपणाच शोधतात. २०१७ मध्ये ९११ जीटी ३ साठी टूरिंग पॅकेज आलं. ५०० अश्वशक्तीचं तेच इंजिन, हातानं टाकायचे गिअर, आणि मागची ती भली मोठी विंग काढून टाकलेली. लांबून बघणाऱ्याला ती साधी कॅरेराच वाटावी. त्याआधी २०१६ मध्ये निघालेली ९११ आर तशीच, विंग नसलेली, हाताच्या गिअरची, फक्त ९९१ बनवलेल्या; तिचे जुन्या बाजारातले भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट झाले. मी अशा गाड्या तपासते तेव्हा मनात येतं, लोक एवढे पैसे मोजून जे विकत घेतात ते म्हणजे हलकी गाडी, टर्बो नसलेलं इंजिन, हातातला गिअर आणि न मिरवणारं रूप. २०१३ ची साधी केमन हे सगळं घेऊनच कारखान्यातून निघाली होती.

दूर जपानात हे ओळखलेली एक कंपनी आहे. माझदाच्या छोट्या दोन सीटच्या रोडस्टरची चौथी पिढी २०१५ मध्ये आली, तेव्हा परदेशांत दोन लिटरचं इंजिनही मिळायचं, पण जपानमध्ये कापडी छताची गाडी दीड लिटरवरच विकली गेली. २०२२ मध्ये तिथे ९९० एस नावाची खास आवृत्ती निघाली. तिचं वैशिष्ट्य अश्वशक्ती नव्हतं, तर नावातलंच वजन : ९९० किलो. खालच्या मॉडेलला आणखी हलकं करून त्यालाच मानाचं पान दिलेलं. असं धैर्य प्रत्येक कारखान्यानं दाखवावं असं मला वाटतं.

आता तर युरोपात नवी साधी केमन घ्यायची म्हटलं तरी मिळत नाही. जुलै २०२४ पासून सायबर सुरक्षेचे नवे नियम सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाले आणि जुन्या रचनेची ७१८ त्यांत बसेना. कमी संख्येत बनणाऱ्या गाड्यांना सवलत होती, म्हणून जीटी ४ आरएस आणि स्पायडर आरएस थोड्या जास्त टिकल्या. खालच्या मजल्यावरचे दिवे आधी गेले. त्यामुळे आज साधी केमन हवी असेल तर ती वापरलेलीच, आणि ती आधी माझ्यासारख्या कोणाच्या तरी लिफ्टवर येते.

कोणी मला विचारायला आलं तर मी आता तीन प्रश्न विचारते. गाडी कुठल्या रस्त्यावर चालणार? वर्षातून किती दिवस? आणि पावसात बाहेर काढायची हिंमत होईल का? वर्षाला चार-पाच दिवस ट्रॅकवर जाणार असाल तर वरचं मॉडेल घ्या, आणि त्याला झिजवा. नसाल, तर आधी बेस मॉडेल चालवा, आणि चालवताना एवढंच बघा, की गाडीच्या नावामागे जी कीर्ती आहे ती तिच्यात हजर आहे का. तिचा आवाज, तिचा गिअर, तिचं वळण. हजर असेल तर वरचं मॉडेल येवो की आणखी दहा येवोत, तुमच्या गाडीतून काहीही उणं होत नाही. हजर नसेल तर कागदावरच्या आकड्यांना भुलू नका, आधीच्या पिढीची साधी गाडी शोधा. जर्मन लोक बेस मॉडेलला "आइनश्टीग्समोडेल" म्हणतात; त्यातला "आइनश्टीग" म्हणजे आत चढायची जागा. मला हा शब्द आवडतो. पुष्कळांना पुढे कुठेच जायची गरज नसते. ते पोहोचलेले असतात.

शिक्षकांना त्यांची चंदेरी गाडी परत मिळाली नाही. जीटी ४ विकून त्यांनी २०१४ ची गडद निळी केमन घेतली, तेच २.७ लिटरचं इंजिन, तेच सहा गिअर. घ्यायच्या आधी ती मीच तपासली. मागच्या महिन्यात ती पुन्हा लिफ्टवर होती : १,२१,००० किलोमीटर, भागाकार ताशी ५४. चारही टायर झिजून संपले होते. नवे टाकून दिले.